पाचिरिसूचा हिशेब
पोकेमॉनच्या स्पर्धेत आकड्यांनी बलाढ्य जीवच निवडावा, हा समज २०१४ च्या वॉशिंग्टनमधील जागतिक स्पर्धेत कोसळला. दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने जिंकताना संघात पाचिरिसू हा खारीसारखा जीव घेतला होता. त्याच्या सहा मूळ गुणांची बेरीज जेमतेम ४०५. पण तिथे दोघांविरुद्ध दोघे लढतात. 'फॉलो मी' चालीने पाचिरिसू शत्रूचे वार स्वतःवर ओढतो, आणि विजेचा वार असेल तर 'व्होल्ट अ‍ॅब्झॉर्ब' या अंगभूत गुणामुळे उलट त्याचीच प्राणशक्ती भरून येते. त्यामुळे विजेपुढे हतबल होणारा त्याचा साथीदार ग्याराडोस शेजारी निर्धास्त लढतो. किती सुंदर जोडणी!

प्रतिस्पर्धी बेसावध होते एवढेच, असा आक्षेप घेतला जातो. तो अपुरा आहे. वार ओढणे टोगेकिस या दुसऱ्या पोकेमॉनलाही जमते, पण वीज त्यालाच जड जाते. शिवाय पाचिरिसूची 'सुपर फँग' ही चाल समोरच्याची उरलेली शक्ती निम्मी करते, मग स्वतःचे बळ कितीही कमी असो.