वीतभर उंचीचं अमेरिकन घड्याळ: चालतं कसं, ओळखायचं कसं

जुन्या वाड्याच्या फडताळात किंवा देवळीत कधी कधी वीत-सव्वा वीत उंचीचं लाकडी घड्याळ सापडतं. समोर काचेचं दार, वरच्या काचेतून दिसणारी तबकडी, खालच्या काचेवर रंगवलेली फुलंपानं आणि आत मागच्या फळीला चिकटवलेला, पिवळा पडलेला छापील कागद. त्या कागदावर ‘कनेक्टिकट’ हा शब्द वाचता आला, तर निदान तो कागद तरी अमेरिकेच्या त्या लहानशा राज्यातून इथवर आलेला आहे. ‘कागद तरी’ असं का म्हटलं, ते पुढे येईलच. परभणी जिल्ह्यातल्या बोरी-जिंतूरच्या बाजूला अशी घड्याळं बहुधा मुंबई बंदरातून किंवा हैदराबादच्या बाजारातून आली असावीत. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे परभणीवरून धावू लागली आणि असा नाजूक माल बैलगाडीतून लांबवर हेलकावे खात आणण्याची गरज उरली नाही.

ही घड्याळं एवढी लहान कशी झाली? आधीची अमेरिकन घड्याळं वजनावर चालत. लोखंडी वजन दोरीने खाली उतरायचं आणि त्या ओढीवर चाकं फिरायची. वजनाला उतरायला उंची हवी, म्हणून पेटीही उंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पोलादी स्प्रिंग स्वस्त झाली आणि वजनांची गरज संपली. गुंडाळलेली पट्टी तळहाताएवढ्या जागेत मावते. मग पेटी हवी तेवढी आखूड करता आली आणि गरिबाच्या फळीवरही घड्याळ बसलं.

पण त्याआधीच घड्याळ स्वस्त झालं होतं, ते पितळेमुळे. त्याही आधी एली टेरी या अमेरिकन घड्याळकाराने लाकडी चाकांची घड्याळं साच्यावर, हजारोंच्या संख्येने बनवली होती. १८३०च्या दशकाच्या अखेरीस चॉन्सी जेरोमने पितळी पत्र्यातून ठोकून काढलेल्या चाकांचं, एकदा चावी दिली की तीस तास चालणारं यंत्र बाजारात आणलं. त्याने १८४२ मध्ये इंग्लंडला माल पाठवला तेव्हाची हकिकत त्यानेच लिहून ठेवली आहे. लिव्हरपूलच्या जकात अधिकाऱ्यांना किंमत इतकी कमी वाटली, की जकात चुकवण्यासाठी ती खोटी दाखवली असावी असं समजून त्यांनी दाखवलेली किंमत आणि वर दहा टक्के देऊन सगळा माल सरकारजमा केला. जेरोम खूश! त्याने आणखी घड्याळं पाठवली, तीही तशीच खपली. तिसऱ्या खेपेला अधिकाऱ्यांनी हात टेकले आणि माल सोडून दिला. पुढे १८५०च्या दशकात याच माणसाचं दिवाळं निघालं, ही गोष्ट वेगळी.

आता यंत्र पाहू. चावी दिली की स्प्रिंग आवळते आणि पहिल्या मोठ्या चाकाला ढकलते. ते दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला. प्रत्येक टप्प्यावर वेग वाढतो आणि जोर घटतो. शेवटच्या दातेरी चाकावर दोन्ही टोकं वाकवलेली एक पोलादी पट्टी डुलत असते. ती लंबकाच्या प्रत्येक झोक्याला अर्धा दात पुढे सरकू देते आणि लगेच अडवते. हे अडवणं म्हणजेच टिकटिक. अडवता अडवता ते चाक पट्टीला हलकासा धक्काही देतं, म्हणून लंबक थांबत नाही.

वेळ ठरवतो तो लंबक, आणि त्याच्या बाबतीत महत्त्वाची असते लांबी. दहा सेंटिमीटरचा लंबक एका मिनिटात सुमारे १९० वेळा टिकटिकतो. त्याची लांबी एक मिलिमीटरने वाढली, म्हणजे एक टक्क्याने, तर घड्याळ दिवसाला सुमारे सात मिनिटं मागे पडतं. म्हणून गोळ्याखालची चकती फिरवताना अर्धा फेरा द्यावा, एक दिवस थांबावं, मग पुढचा विचार करावा. उन्हाने लंबक लांबतो आणि घड्याळ मागे पडतं, असं सांगणारे भेटतात. ते खरं आहे, पण वीस अंशांच्या फरकाने पोलादी तारेचा लंबक दिवसाला जेमतेम दहा सेकंद खातो. मिनिटांचा गोंधळ असेल तर दोष उन्हाला देऊ नये.

त्यातही या घड्याळांकडून सेकंदाचा हिशेब मागूच नये. स्प्रिंग भरलेली असताना जोर जास्त, उतरत आली की कमी; म्हणून तीस तासांच्या घड्याळाला रोज ठरल्या वेळी चावी द्यावी. तसंही परभणीच्या रेखांशावर सूर्य माथ्यावर येतो तो भारतीय प्रमाणवेळेनुसार सरासरी १२ वाजून २३ मिनिटांनी. उन्हाकडे पाहून दिवस मोजणाऱ्या घरात पाच मिनिटांनी काय बिघडणार होतं?

अनेक छोट्या घड्याळांना टोले नसतात. ज्यांना असतात, त्यांची स्प्रिंग वेगळी आणि मोजणीची पद्धत मजेदार. एका चकतीच्या कडेला खाचा असतात, पण समान अंतरावर नाहीत. पहिल्या दोन खाचा जवळजवळ, पुढचं अंतर थोडं मोठं, असं वाढत बारापर्यंत. एक तार खाचेत पडली की टोले थांबतात. बारा तासांत एकूण ७८ टोले. गंमत अशी, की या चकतीला काट्यांची खबरच नसते. टोले संपायच्या आत काटा घाईने पुढे ढकलला, की काटे चार दाखवतात आणि टोले पडतात तीन. तबकडीखाली लोंबणारी छोटी तार वर उचलली की काटा न हलवता पुढचे टोले पडतात. जुळेपर्यंत उचलत राहावं. काटे उलटे फिरवू नयेत.

संग्रह करायचा तर खरी परीक्षा पुढे आहे. मुंबईचा चोरबाजार असो की पुण्याचा जुना बाजार, जुळवलेली घड्याळं भरपूर मिळतात: यंत्र एका कारखान्याचं, पेटी इथल्याच सुताराची, तबकडी कालपरवा छापलेली. अन्सोनिया, सेथ थॉमस या कंपन्यांची नावं विकली जातात, म्हणून तबकडीवरच्या नावावर सगळ्यात कमी विश्वास ठेवावा. तबकडी काढून मागे पाहावं. यंत्र बसवलेल्या स्क्रूंशेजारी लाकडात जुनी रिकामी भोकं दिसली, तर तिथे आधी दुसरं यंत्र होतं. चावीची भोकं तबकडीच्या भोकांशी बरोबर जुळली पाहिजेत. लंबक जिथे डुलतो तिथे कागदावर मळाचा किंवा घासल्याचा माग असावा. कागद जुना आणि त्याखालचं लाकूड कोरं असेल, तर शंका घ्यावी.

कागदावरचा पत्ता काळ सांगतो. सेथ थॉमसच्या कागदावर ‘प्लिमथ हॉलो’ असेल तर तो कागद ते गाव थॉमस्टन होण्याआधीचा, म्हणजे १८६०च्या दशकापर्यंतचा. अन्सोनियाने १८७९ च्या सुमारास कारखाना ब्रुकलिनला हलवला, त्यानंतर पत्ता न्यूयॉर्कचा. १९२९ मध्ये तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने विकत घेतली. वेल्च कंपनी १९०३ मध्ये सेशन्स झाली. यंत्रावर ठोकलेलं पेटंटचं साल मात्र फसवं. घड्याळ त्याआधीचं नाही एवढंच ते सांगतं, बनलं कधी ते नाही.

निगेबद्दल थोडं. खोबरेल तेल घालू नये. परभणीत हिवाळ्यात पारा दहा अंशांखाली जातो, खोबरेल गोठतं आणि घड्याळ रात्री बंद पडतं. मग लोक ते चुलीजवळ ठेवतात, ते चालू होतं, आणि वर्षानुवर्षं तेच चालतं. घड्याळाचंच तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढं, फक्त चाकांच्या आसांना लावावं, दातांना नाही. पेटीवरचा लाकडाचा पातळ थर सरसाने चिकटवलेला असतो. तो उन्हाळ्यात सुटला तर सरसानेच बसवावा, कारण ऊब आणि ओलावा दिला की तो पुन्हा सोडवता येतो. फेव्हिकॉल सहजी सुटत नाही. खालच्या काचेवरचं चित्र मागच्या बाजूने रंगवलेलं असतं, तिथे ओलं फडकं लावू नये. कागदाला कसर लागते, म्हणून घड्याळ ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवावं. आणि भरलेली स्प्रिंग उतरवल्याशिवाय यंत्र कुणीही उघडू नये. ती बोटं मोडू शकते.

घरात असं घड्याळ असेल तर भंगारात किंवा दारावर आलेल्या फेरीवाल्याला देण्याआधी दार उघडून आतल्या कागदाचा आणि यंत्रावरच्या ठशाचा स्वच्छ फोटो काढा. तबकडी बदलून घेऊ नका, पेटीला नवं पॉलिश करू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशातल्या नातेवाइकाकडे पाठवायची असेल, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा.