दोन केबल, एकच रस्ता

लॉग किती दिवस जपायचे हा कबूल केलेला विषय या आठवड्यात पुढे ढकलावा लागतोय. त्याला कारण चिंचपोकळी स्टेशनजवळच्या एका पतसंस्थेतून आलेलं पत्र. संस्थेचं सगळं कामकाज आता क्लाउडवर आहे. इंटरनेट जाऊ नये म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतलेल्या. पावसाळ्याच्या तोंडावर बाहेरचा रस्ता खणला गेला आणि एका दुपारी दोन्ही लाइन एकदमच गेल्या. काउंटरपुढे पासबुकं घेऊन रांग, आत सगळे हातावर हात ठेवून बसलेले. ऑडिटरच्या कागदावर मात्र ‘पर्यायी लाइन आहे’ या रकान्यात टिक होती. चुकलं कोणाचं, असं पत्रलेखक विचारतात.

टिक खोटी नव्हती, रकाना अपुरा होता. या अपुरेपणाने पतसंस्थेहून फार मोठ्या संस्थेलाही गाठलं आहे.

२४ फेब्रुवारी २०२१. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला, आणि त्या दिवशी बाजार ५ वाजेपर्यंत चालवावा लागला. एनएसईने नंतर दिलेल्या खुलाशात दोन दूरसंचार कंपन्यांच्या लाइनचा उल्लेख होता. दोन्ही अस्थिर झाल्या होत्या आणि त्यामागचं मुख्य कारण होतं केबलच्या वाटेवरचं खोदकाम आणि बांधकाम! त्यात साठवण यंत्रणाही अपेक्षेप्रमाणे वागली नाही आणि जोखीम मोजणारी प्रणाली बंद पडली. कंपन्या दोन, करार दोन, बिलं दोन, पण कुदळीला त्यातलं काहीच दिसत नाही.

ऑडिटरचे रकाने ज्यांवरून बनतात, असे नियंत्रणांचे दोन दस्तऐवज आता शेजारी ठेवून पाहू. पहिला क्लाउड कंट्रोल्स मॅट्रिक्स, म्हणजे क्लाउड सुरक्षेच्या नियंत्रणांचा तक्ता. त्याच्या चौथ्या आवृत्तीत १७ विभाग आणि १९७ नियंत्रणं आहेत. त्यातल्या कामकाजाच्या सातत्याच्या विभागातलं शेवटचं, बीसीआर-११, सांगतं की महत्त्वाच्या उपकरणांना पर्यायी उपकरणं असावीत आणि ती पुरेशा अंतरावर, स्वतंत्र जागी असावीत. इथे भर उपकरणांवर आहे. दुसरा दस्तऐवज अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा, ८००-५३. त्यात आपत्कालीन नियोजनाचं सीपी हे वेगळं कुटुंब आहे. त्यातलं सीपी-८ फक्त दूरसंचारासाठी आहे आणि त्याची पोटकलमं वाचण्यासारखी आहेत. वेगळी कंपनी घ्या, हे एक पोटकलम. मुख्य आणि पर्यायी सेवा एकाच ठिकाणच्या बिघाडाने बंद पडणार नाहीत असं पाहा, हे दुसरं. वेगवेगळ्या कंपन्या प्रत्यक्षात एकाच तारेवरून सेवा देत असू शकतात, असा स्पष्ट इशाराही तिथे दिलेला आहे. पतसंस्थेने पहिलं पोटकलम पाळलं. दुसरं कोणी विचारलंच नाही.

या दोन दस्तऐवजांची जुळणी दाखवणारी तयार पत्रकं मिळतात आणि अनेक कचेऱ्यांत त्यांच्यावरच अनुपालन उरकलं जातं. जुळणी म्हणजे बरोबरी नव्हे. एका ओळीसमोर दुसरी ओळ आली, की तिच्या पोटातल्या अटीही पूर्ण झाल्या असं धरून चालतात, आणि घोळ तिथेच होतो.

एनएसईच्या त्या दिवसात आणखी एक धडा आहे. चेन्नईला पर्यायी केंद्र तयार होतं, पण काम तिकडे हलवलं गेलं नाही. बाजार नियामक सेबीने महिन्याभरात, २२ मार्च २०२१ रोजी, परिपत्रक काढलं. त्यानुसार अत्यावश्यक प्रणाली बंद पडली, की ३० मिनिटांच्या आत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. आधी ही मुदत ४ तास होती. मुदत कमी झाली हे चांगलंच, पण जाहीर करण्यालाही घड्याळ लावलं, हे त्याहून मोलाचं. निस्टच्या ८००-३४ या मार्गदर्शिकेत योजनेचा पहिला टप्पाच तो आहे: योजना लागू करणं आणि संबंधितांना कळवणं. तो निर्णय कोणाचा हे आधी ठरलेलं नसेल, तर उत्तम पर्यायी केंद्रही नुसतं उभं राहतं.

रस्त्याची ही गोष्ट क्लाउडच्या आतही घडते. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरची यंत्रणा मांडणीतल्या चुकीमुळे पुसली गेली. प्रती दोन ठिकाणी होत्या, पण खातं एकच होतं. दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा परत उभं राहताना मोठा आधार झाला.

तेव्हा पत्रलेखकांना उत्तर: क्लाउड कंपनीची प्रमाणपत्रं खरी असतील, पण ती तिच्या केंद्रापुरती आहेत. चिंचपोकळीपासून तिथवरची तार तुमची जबाबदारी. दोन्ही कंपन्यांकडून केबलचा मार्ग लेखी मागा आणि दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून पाहा. मार्ग एकच निघाला, तर एक लाइन मोबाइल नेटवर्कवरची घ्या. मग एका शनिवारी, कामकाज संपल्यावर, मुख्य लाइन स्वतःच्या हाताने काढा आणि काम चालतं का ते बघा. काय दिसलं ते जरूर कळवा. लॉगचा विषय पुढच्या आठवड्यात.