तुडतुड्याची नस आणि आपली

कपाशीचं पान उलटं करून पाहा. मागच्या बाजूला जेमतेम तीन मिलीमीटरचा, फिकट हिरवा तुडतुडा बसलेला असतो. बोट जवळ नेलं की तो सरळ पळत नाही, तिरका सटकतो. धोका दिसल्याचा निरोप त्याच्या एका मज्जापेशीकडून दुसरीकडे जातो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. आणि तुम्ही बोट पुढे केलंत, तेव्हा तुमच्या नसेनं स्नायूला दिलेला हुकूमही याच रसायनातून गेला! कोट्यवधी वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या, तरी दोघांनी हे रसायन टाकलेलं नाही.

निरोप पोचला की तो लगेच पुसावा लागतो. फळ्यावर डस्टर फिरवावं तसं हे काम एक विकर करतं, आणि त्याचा एकेक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू मोडतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं नेमकी या विकराला जाऊन चिकटतात. मग निरोप साचत जातात. किडा थरथरत मरतो. माणसाला दरदरून घाम येतो, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. 1936 साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ किड्यांवरचं औषध शोधत होता. हाती लागला टाबुन, युद्धात वापरायचा विषारी वायू. घराणं एकच.

म्हणून चांगलं कीटकनाशक शोधणं म्हणजे किड्यात आहे आणि आपल्यात नाही असं काहीतरी शोधणं. इमिडाक्लोप्रिडच्या गटातली औषधं निरोप घेणाऱ्या टोकाला धरतात. किड्याचं टोक ती घट्ट धरतात, आपलं त्या मानानं सैल. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन अळीला धड कात टाकू देत नाही; कात टाकणं हा आपला प्रश्नच नव्हे. सगळ्यांत देखणी गोष्ट मात्र बीटी जिवाणूची. जपानमध्ये 1901 साली तो रेशमाच्या मेलेल्या अळ्यांत सापडला. त्याचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं, तिथल्या विशिष्ट जागी चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. आपल्या जठरात आम्ल, आणि चिकटायला ती जागाही नाही. या प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलं गेलं आणि 2002 मध्ये भारतात बीटी कपाशी आली. पुढे गुलाबी बोंडअळीनं तिलाही दाद देणं सोडलं, आणि पंप पुन्हा पाठीवर चढले.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसं गेली. कपाशी डोक्यापर्यंत वाढलेली, हवेत उकाडा, त्यात दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. उंच झाडावर मारलेलं औषध अंगावरच येतं. विष नाका-तोंडातून जातं अशी आपली समजूत. पण फवारणाऱ्याच्या शरीरात ते मुख्यतः कातडीतून शिरतं. घामानं भिजलेला शर्ट अंगाला चिकटला की औषध तासन्‌तास कातडीवर राहतं. म्हणून नुसतं तोंडाला फडकं बांधणं ही मनाची समजूत आहे. पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे, बूट, चष्मा, वाऱ्याकडे पाठ, आणि काम संपताच साबणानं आंघोळ. उन्हात हे सगळं घालून राबणं सोपं नाही, हे शेतात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून वेळच सकाळची किंवा संध्याकाळची धरावी. सर्वांत धोक्याचा क्षण मात्र फवारणीच्या आधीचा, बाटलीतलं पाणी न घातलेलं औषध मापात ओततानाचा. ते हातानं ढवळू नये. तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकू नये. आणि तंबाखूचा खर्रा घरीच ठेवावा.

बाटलीवरचा चौकोन टोकावर उभा असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. ही वाटणी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठी घातक ठरणाऱ्या मात्रेवरून होते: लालसाठी वजनाच्या दर किलोमागे पोटात 50 मिलीग्रॅमपर्यंत, हिरव्यासाठी 5000 च्या वर. पण हा हिशेब एका वेळच्या मात्रेचा. आठवडाभर रोज थोडं थोडं अंगात मुरत गेलं तर काय, हे तो रंग सांगत नाही. निळा त्रिकोण दिसला म्हणून उघड्या अंगानं फवारणारे काही कमी नाहीत.

ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवर डॉक्टर ॲट्रोपिन देतात. ते धोतऱ्यातही सापडतं. म्हणजे विषावर उतारा म्हणून विषच. साचलेले निरोप ते काही ठिकाणी पोचूच देत नाही. पण कपाशीवर पांढऱ्या माशीसाठी मारतात त्या डायफेन्थियुरॉनला खास उतारा नाही, आणि इमिडाक्लोप्रिडलाही नाही. तिथे लक्षणं पाहून उपचार करावे लागतात. तेव्हा कुणाला चक्कर आली, मळमळलं, तर भिजलेले कपडे उतरवून अंग धुवावं आणि दवाखान्यात निघताना लेबलासकट बाटली सोबत घ्यावी.