उंबराचं फूल

उंबराला फूल येतच नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. वर्षभर तोंड न दाखवलेला मित्र दारात उभा राहिला की आपण म्हणतो, "काय रे, उंबराचं फूल झालास की!" माझी आजी सांगायची, उंबर मध्यरात्री फुलतो, ते फूल माणसाच्या नजरेला पडत नाही, आणि पडलंच तर त्याचं नशीब उघडलं. ही गोष्ट मी नातीला जशीच्या तशी सांगितली. तिनं सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "पण आजोबा, फूलच नाही तर फळ कुठून आलं?"

मुलांसाठी निसर्गाच्या गोष्टी लिहिणं हा माझा रोजचा उद्योग. पहाटेचा चहा झाला की कागद पुढे ओढायचा आणि ऊन अंगणात येईपर्यंत उठायचं नाही. विषय पुस्तकांतून मिळतात असं पुष्कळांना वाटतं. मला ते बहुतेक वेळा अशा प्रश्नांतून मिळाले आहेत. ज्या प्रश्नाचं उत्तर मूल दोन वाक्यांत मान्य करत नाही, त्याच्यावर पानं भरतात. आणि उंबर तर आमच्या कृष्णाकाठचं झाड. इथं त्याच्याकडे कुणी नुसतं झाड म्हणून पाहत नाही. भिलवडीजवळच्या औदुंबरला दत्तावतारी नृसिंहसरस्वतींनी चातुर्मास केला, पुढे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाच्या वाडीला ते बारा वर्षं राहिले. वाडीला आजही पादुका आहेत त्या औदुंबराखालीच. घाटावर येणारा माणूस आधी त्या झाडाला हात जोडतो.

गुरुचरित्राच्या एकोणिसाव्या अध्यायात या झाडाची कथा आहे. हिरण्यकशिपूचं पोट फाडल्यावर त्याच्या पोटातलं विष नृसिंहाच्या नखांना लागलं आणि नखांची आग आग होऊ लागली. लक्ष्मीनं औदुंबराची फळं आणली, नृसिंहानं त्यांत नखं रोवली, आणि दाह थांबला. प्रसन्न होऊन देवानं झाडाला वर दिला की तू सदा फळत राहशील. हा वर लक्षात ठेवा. त्याच्याकडे मला पुन्हा यायचं आहे.

नातीला घेऊन मी झाडाखाली गेलो. उंबराची फळं फांद्यांच्या शेंड्यांना येत नाहीत, थेट खोडाला आणि जाड फांद्यांना घोसांनी लगडतात. खाली हिरवी, केशरी, लाल अशी सगळ्या वयाची फळं पडली होती. त्यातली थोडी घरी आणली, लिहायच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि ब्लेडनं एक कोवळं हिरवं उंबर मधोमध कापलं. पांढरा चीक भळभळून आला, बोटं एकमेकांना चिकटली. चीक पुसून भिंग धरलं. आतल्या पोकळीच्या भिंतीला, एकाला एक खेटून, शेकडो बारीक बारीक फुलं. सूर्यफुलाची तबकडी कडा उचलून आत मिटून घ्यावी, सगळ्या पाकळ्या आणि केसर पोटात जावेत, तसं ते होतं. ज्याला आपण फळ म्हणतो तो आत वळलेला फुलोरा. आजीचं म्हणणं खोटं नव्हतं, ते फूल खरंच नजरेला पडत नाही. पण ते आत रोज हजर असतं.

मग नातीनं दुसरा प्रश्न टाकला, आणि तो पहिल्याहून अवघड होता. फूल आत बंद, तर पराग नेणार कोण?

उंबराच्या टोकाला, देठाच्या विरुद्ध बाजूला, बारीक खवल्यांनी झाकलेलं एक छिद्र असतं. आतली फुलं तयार झाली की फळ एक खास वास सोडतं. तो वास ओळखून येते दोन मिलिमीटर लांबीची एक गांधीलमाशी. गांधीलमाशी म्हटलं की डंख आठवतो, पण ही माणसाच्या वाटेलाही जात नाही. आपले लोक तिला केंबरं म्हणतात. ती त्या छिद्रातून आत घुसते. वाट इतकी अरुंद की शिरताना तिचे पंख तुटतात, मिशांचे तुकडे पडतात. बाहेर येण्याचा प्रश्नच उरत नाही. भिंगाखाली त्या छिद्राच्या खवल्यांत अडकलेला एक पंख आम्हाला दिसला. पारदर्शक, कडेला बारीक लव, आणि पूर्ण अखंड. नात त्याच्यावरून डोळा काढेना.

आत शिरलेली मादी दोन कामं करते. तिच्या छातीवर दोन्ही बाजूंना बारीक खळगे असतात, त्यांत तिनं जन्मल्या उंबरातून भरून आणलेले पराग असतात. पुढच्या पायांनी ती ते काढते आणि फुलांच्या टोकांवर ठेवते. चुकून अंगाला लागलेले पराग सांडणं वेगळं आणि हे वेगळं. ही माशी हातानं पराग पोचवते. दुसरं काम अंडी घालण्याचं. आतल्या मादीफुलांत काहींचे दांडे आखूड असतात, काहींचे लांब. आखूड दांड्याच्या फुलात तिची अंड्याची नळी तळापर्यंत पोचते, तिथं अंडं पडतं आणि त्या फुलाची गाठ होते. लांब दांड्याच्या फुलात नळी पोचत नाही, तिथं बी धरतं. काही फुलं माशीच्या लेकरांना, काही झाडाच्या. वाटणी झाली की माशी तिथंच मरते.

काही आठवड्यांनी त्या गाठींमधून आधी नर बाहेर पडतात. आम्ही पुढचं, जरा मोठं झालेलं उंबर कापलं तेव्हा ते दिसले. फिकट पिवळे, बिनपंखी, डोळे नावालाच. त्यांचं सगळं आयुष्य त्या एका उंबरात. गाठीत अजून झोपलेल्या माद्यांशी त्यांचं मीलन होतं, मग सगळे मिळून उंबराची भिंत कुरतडून बाहेर जाणारं भुयार पाडतात आणि मरतात. पंख असलेल्या काळपट माद्या जाग्या होतात तोवर त्याच उंबरातली नरफुलं पिकलेली असतात. माद्या परागांनी खळगे भरतात आणि भावांनी खोदलेल्या वाटेनं उडून जातात. हे सगळं झाल्यावर उंबर मऊ होतं, लाल होतं, गोड होतं, आणि हरियल, तांबट, वटवाघळं, माकडं सगळ्यांची पंगत बसते.

आता तो वर. बाहेर पडलेली मादी एखादा दिवस जगते, फार तर दोन. तेवढ्यात तिला नेमक्या अवस्थेतलं उंबर सापडायला हवं. सगळे उंबर एकाच महिन्यात फळले असते, तर उरलेल्या अकरा महिन्यांत माशी नामशेष झाली असती आणि माशीमागोमाग झाडही. म्हणून एका झाडाची फळं साधारण एकदमच तयार होतात, पण शेजारच्या झाडाचा हंगाम वेगळा, त्याच्या पलीकडच्याचा आणखी वेगळा. परिसरात कुठला ना कुठला उंबर बारा महिने फळलेलाच असतो. सदा फळत राहशील, हा वर ज्या कुणी प्रथम सांगितला, त्यानं हे झाड ऋतू-ऋतूंतून पाहिलेलं होतं याबद्दल मला शंका नाही. त्यानं माशी पाहिली असेल-नसेल. झाडाचं सदाफळणं त्यानं अचूक टिपलं, आणि ते का, हे माशीनं सांगितलं. मी हे वाचून, पाहून पुन्हा वाडीला गेलो तेव्हा माझे हात आधीपेक्षा जास्त मनापासून जोडले गेले. उलगडा झाला की श्रद्धा उणावते असं मानणाऱ्यांशी माझं जुळत नाही. माझ्या बाबतीत तरी ती वाढली.

माशी किती लांब जात असेल? नामिबियाच्या वाळवंटात, उगाब नदीच्या कोरड्या पात्रातली उंबराच्या जातभाईंची झाडं एकेकटी, दूर दूर उभी आहेत. तिथल्या बियांची आनुवंशिक तपासणी करून 2009 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की पराग 160 किलोमीटरपर्यंत पोचले होते. दोन मिलिमीटरचा जीव, वाऱ्यावर स्वार होऊन, वासाच्या भरवशावर.

आणि या घरात चोरही येतात. उंबराच्या बाहेरच बसून, लांब सुईसारखी नळी भिंतीतून आत घालून अंडी घालणाऱ्या दुसऱ्या गांधीलमाश्या आहेत. त्या पराग आणत नाहीत, फक्त घेतात. केसाहून बारीक नळी कच्च्या उंबराच्या कठीण भिंतीत शिरते कशी, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2014 साली दाखवलं. नळीच्या टोकाला दाते आहेत आणि त्या दात्यांत जस्त आहे. धातूनं कठीण केलेलं गिरमिट! हे सांगताना नात टेबलावर चढून बसली होती.

उंबराच्याच नात्यातल्या अंजिराचं काय, हे तिनं विचारलंच. पुरंदरचं अंजीर माशीशिवाय पिकतं, त्यामुळे तिथं ही कथा नाही. पण तुर्कस्तानचं स्मिर्ना अंजीर माशीशिवाय धरत नाही. गेल्याच्या गेल्या शतकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात त्याच्या बागा लागल्या. झाडं वाढली, फळं मात्र कोवळेपणीच गळून पडत. तुर्की शेतकरी माश्यांसाठी रानअंजिराची फळं बागेतल्या झाडांना टांगतात, हे तिथं बऱ्याच जणांना भाबडी समजूत वाटे. अॅरिस्टॉटलनं दोन हजार वर्षांपूर्वी या माश्यांबद्दल लिहून ठेवलेलं असूनही. अखेर 1899 मध्ये माशी तिकडे नेली आणि बागा फळल्या.

ही सोबत किती जुनी? इंग्लंडजवळच्या आयल ऑफ वाइट बेटावर 3 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीच्या अंजीरमाश्यांचे जीवाश्म सापडले आहेत. आजच्या माश्यांसारखेच, परागांच्या खळग्यांसकट. तेव्हा माणूस नव्हता.

या लेखाचा खर्डा नातीच्या आजीनं वाचला आणि म्हणाली, "आपल्या जैन शेजाऱ्यांचं लिहिलंच नाहीत." बरोबर होतं तिचं. सांगली-कोल्हापूर भागात दत्तभक्तांच्या भिंतीला भिंत लावून जैन कुटुंबं राहतात. जैन आचारात वड, पिंपळ, उंबर अशा पाच उदुंबर फळांचा त्याग सांगितला आहे, कारण त्यांच्या पोटात असंख्य जीव असतात. भिंग नव्हतं तेव्हा कुणीतरी ते फळ फोडून, आत निरखून पाहिलं आणि त्या जिवांची गणना आपल्या धर्मात केली. एक शेजारी त्या झाडाला प्रदक्षिणा घालतो, दुसरा त्याचं फळ तोंडाला लावत नाही. ही दोन घरं एका गल्लीत आहेत, आणि मुलांना उंबर शिकवताना मी दोन्हींचं नाव घेतो. एकाला वगळून सांगितलेली गोष्ट मला अर्धी वाटते.

तुम्हालाही पाहायचं असेल तर झाडावरचं तोडू नका, सड्यातलं घ्या. तीन उंबरं हवीत: कोवळं हिरवं, फिकट पडायला लागलेलं आणि लाल. हिरव्यात फुलं दिसतील. फिकट पडलेल्यात, नशीब असेल तर, बिनपंखी नर. लाल उंबर खिडकीत नेऊन फोडा, म्हणजे आत राहिलेल्या माद्यांना सरळ बाहेर उडता येईल. चीक डोळ्याला लावू नका, आणि ब्लेड मोठ्या माणसाच्या हातात राहू द्या.