पाणी कोणाचे, मत कोणाचे?

नदीकाठी जमीन असली म्हणजे नदीचा प्रवाहही आपलाच, ही इंग्लंडच्या कायद्यातली कल्पना कॅलिफोर्नियात गेली. पाऊसपाण्याच्या इंग्लंडात ती फारशी नडली नसेल. पण जिथे उन्हाळाभर थेंब पडत नाही तिथे तिने काठापासून दोन मैलांवरचा शेतकरी कोरडा ठेवला. १८८६ मध्ये 'लक्स विरुद्ध हॅगिन' या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने काठमालकांचा हक्क उचलून धरला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने राइट कायदा करून शेतकऱ्यांना सिंचन मंडळे स्थापण्याची मुभा दिली. मंडळाने कर्जरोखे काढावेत, कालवे खणावेत आणि हद्दीतील जमिनींवर कर बसवून कर्ज फेडावे, अशी ती योजना.

तीत एक धाडस होते. मंडळाच्या हद्दीतला बिनजमिनीचा दुकानदारही कर्जाच्या बाजूने मत देऊ शके. मत एकाचे आणि भुर्दंड दुसऱ्याला, अशी मोठ्या जमीनदारांनी ओरड केली. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण त्या पहिल्या पिढीतील बहुतेक मंडळे टिकली नाहीत. खटल्यांचे सावट असलेले रोखे घेणार कोण? टर्लॉक, मॉडेस्टो यांसारखी थोडी तगली.

रोख्यांची पत पाण्याच्या हक्कावर उभी, आणि तो हक्कच डळमळीत. १९२६ च्या हर्मिंगहाउस खटल्यात सॅन वाकीन नदीकाठच्या कुरणमालकांचे म्हणणे असे की, नदीचा पूर आमच्या गवतावर पसरला पाहिजे. वरच्या अंगाला वीज कंपनीने तो अडवू नये. न्यायालयाने ते मान्य केले. काठमालकाचा वापर वाजवी आहे की उधळपट्टीचा, हे पाहण्याचे कारणच नाही! चार गवताच्या काड्यांसाठी पुराचे पाणी वाहून जाऊ द्यायचे, तर राज्यात धरण बांधायला कोण धजावणार?

हा प्रश्न अखेर मतदारांपुढे गेला. नोव्हेंबर १९२८ मध्ये त्यांनी राज्यघटना दुरुस्त केली: पाण्याचा हक्क वाजवी आणि उपयुक्त वापरापुरताच, नासाडीचा हक्क कोणालाच नाही. काठमालकी रद्द झाली नाही, तिला मर्यादा पडली. 'वाजवी' म्हणजे काय हे न्यायालयांवर सोपवले गेले आणि वकिलांची सोय झाली, हे खरे. तरीही निर्णय योग्यच होता.

मंडळाच्या आत मत कोणाला, हा जुना वाद मात्र या दुरुस्तीच्या कक्षेबाहेर राहिला. वेगळ्या कायद्याखालील टुलेअर सरोवर खोऱ्याच्या जलसंचय मंडळात फक्त जमीनमालकांना, तेही जमिनीच्या मूल्याच्या प्रमाणात मते होती. एकट्या एका कंपनीची मते संचालकांचे बहुमत निवडून आणण्यास पुरेशी होती. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवली. विरोधी निकालपत्रात न्यायमूर्ती डग्लस यांनी १९६९ च्या पुराचा दाखला दिला: पाणी घराघरांत शिरण्याचे भय सर्वांना होते, मत मात्र कुळांना आणि मजुरांना नव्हते.