संक्षेपांची कुळकथा (लेखांक ९) : ‘ता.’ कुठली कुठली?

गेल्या आठवड्यात ‘मु. पो.’ झाले. आज त्याच पत्त्यातला पुढचा संक्षेप.

लोणी काळभोरची लग्नपत्रिका घ्या. गावापुढे ‘ता. हवेली, जि. पुणे’ असतेच. जुन्या पत्रिकेत मुहूर्ताशीही ‘ता.’ असायची, आणि पाहुण्याला लिहिलेल्या पत्रात सहीखाली ‘ता. क.’. इंग्रजी संक्षेप अनेकदा नुसती आद्याक्षरे घेतो. आपण काना-वेलांटीसकट पहिले अक्षर उचलतो आणि टिंब देतो. त्यामुळे तालुका, तारीख आणि ताजा कलम एकाच ‘ता.’त येऊन बसतात. तरी वाचणारा अडत नाही. पुढे आकडा आला की तारीख, जागेचे नाव आले की तालुका, ‘क.’ आला की ताजा कलम.

‘तालुका’च्या मुळाशी अरबी ‘तअल्लुक’ आहे : जोडलेले असणे, संबंध. उर्दूत ‘ताल्लुक’ म्हणजे आजही नातेच. ‘इलाखा’ही त्याच धातूचा, म्हणून मुंबई इलाखा आणि हवेली तालुका हे शब्दांच्या नात्याने भाऊबंद. अवधात ‘तालुका’ म्हणजे तालुकदाराची जमीनदारी. आपल्याकडे तो तहसीलदाराच्या कारभाराचा, जिल्ह्याचा एक भाग. आणि ‘हवेली’ इथे वाडा नव्हे. जुन्या महसुली भाषेत मुख्य ठाण्याभोवतालचा, थेट सरकारी अंमलातला मुलूख म्हणजे हवेली. पुण्याभोवतीच्या तालुक्याला हे नाव चपखल बसते.

पत्त्यात ही ‘ता.’ लागते, कारण लोण्या पुष्कळ. लोणी भापकर बारामती तालुक्यात, लोणी देवकर इंदापुरात. पण लोणी कंदही हवेलीतच! तिथे ‘ता.’ हात टेकते आणि ‘काळभोर’ हे आडनावच गाव ओळखून देते. रेल्वे स्थानकाची पाटी मात्र नुसत्या ‘लोणी’वर भागवते.

‘तारीख’ अरबीच. तिथे तिचा अर्थ कालनोंद आणि इतिहासही. ‘तवारीख’ हे तिचेच अनेकवचन. सावरकरांच्या भाषाशुद्धीतला ‘दिनांक’ रुजला आणि सरकारी पत्रावर ‘ता.’च्या जागी ‘दि.’ आले. कोर्टात मात्र अजून तारीखच पडते.

‘ताजा’ फारसी. ‘कलम’ अरबीतून आले, पण त्यामागे ग्रीक ‘कालामोस’ आहे, म्हणजे बोरू. पत्र संपल्यावर आठवलेल्या गोष्टीसाठी पुन्हा टाक उचलायचा, तो ताजा कलम. मोबाइलवर राहिलेले सांगायला दुसरा संदेश धाडता येतो, त्यामुळे ‘ता. क.’ विरळ झाला. तारखेची जागा ‘दि.’ने घेतली. तालुक्याला मात्र कुणी पर्याय रुजवू शकले नाही. सातबाऱ्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत ‘ता.’ आता मुख्यतः त्याचीच.

पुढील आठवड्यात : ‘बु.’ आणि ‘खु.’ – थोरले गाव, धाकटे गाव.