पाच मिनिटं खाली ठेवायची नाही

सकाळी 7.30. गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात मागच्या शटरला टेम्पो लागला. फिटनेस एक्स्पोचा आज रविवार, म्हणजे गर्दीचा दिवस. आमच्या कोपऱ्यात कुणालाही केटलबेल उचलून बघता येते, आणि नाव नोंदवलं तर स्पर्धेतही उतरता येतं. त्यासाठी चाळीसेक केटलबेल उतरवायच्या. हमाल मिळतात, पण ते एका हातात दोन-दोन घेऊन एकमेकींवर आपटत नेतात. दांड्याला खाचा पडतात आणि दुपारपर्यंत त्या खाचा कुणाच्या तरी तळव्याची साल काढतात. म्हणून हे ओझं आम्हीच वाहतो.

8.15. पॉलिश पेपर घेऊन बसायचं. गुळगुळीत दांड्यावर चॉक धरत नाही, जरा खरवडला की धरतो. कालच्या घामानं बसलेला थर आधी तारेच्या ब्रशनं काढायचा, मग पेपर, मग मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी भुकटी चोळायची. एसी अजून सुरू नाही. मुंबईच्या हवेत चोळता चोळताच दांडा ओल धरतो.

10.00. दारं उघडली. स्पर्धेच्या केटलबेल सगळ्या एकाच आकाराच्या असतात, वजन रंगावरून ओळखायचं: गुलाबी 8 किलो, निळी 12, पिवळी 16, हिरवी 24, लाल 32. हलक्या आतून पोकळ. हे न वाचता एक काका ‘फोटो काढ गं’ म्हणत लाल केटलबेलकडे वाकले. ती जागची हलली नाही. फोटो शेवटी गुलाबीबरोबर निघाला, आणि छान निघाला.

नोंदणीच्या अर्जात बीपी, हर्निया, पाठीचं दुखणं विचारलेलं असतं. झाडून सगळे ‘नाही’ लिहितात. म्हणून मी तोंडी पुन्हा विचारतो, आणि दर तासाला एखादा तरी ‘तसं म्हणजे मागच्या वर्षी मणका सरकला होता’ म्हणतो. त्याला टी-शर्ट देऊन प्रेक्षकांत बसवायचं.

11.30. नियम सांगायची वेळ. आमचा प्रकार लाँग सायकल: एका हातानं केटलबेल पायांमधून झुलवत छातीशी आणायची, तिथून डोक्यावर, परत छातीशी, परत खाली झोका. वेळ पाच मिनिटं, हात एकदाच बदलायचा, जमिनीला टेकली की खेळ संपला. आयोजकांना दरवेळी स्नॅच हवा असतो, कारण झोक्यातून थेट डोक्यावर जाणारं वजन मोबाइलवर झकास दिसतं. आम्ही नाही म्हणतो. पहिल्यांदाच दांडा धरणाऱ्याचा तळवा स्नॅचमध्ये फाटतो, आणि खांदा दुखावला तर ती जबाबदारी टाळ्या वाजवणारे घेत नाहीत.

मूळ रशियन खेळ दहा मिनिटांचा. ती मर्यादा 1989 मध्ये आली, सोव्हिएत संघाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याआधी 1985 साली लिपेत्स्क शहरात झाली होती. सोळा किलोचा आकडाही तिकडचाच. पूद हे धान्य तोलायचं जुनं माप, 16.38 किलोचं, 24 म्हणजे दीड पूद, 32 म्हणजे दोन. माइकवर हे सांगून उपयोग होत नाही, शेजारच्या स्टॉलवर प्रोटीनचे फुकट पेले वाटत असतात. ‘तालमीतल्या नालेचा रशियन चुलतभाऊ’ म्हटलं की मात्र सातारा-कोल्हापूरकडचे चार जण हमखास थांबतात.

12.15. पहिली तुकडी. सहा जागा, प्रत्येकीसमोर मोजणारा एक पंच आणि आकड्यांची पाटी. तीन नंबरवर एक पैलवानी अंगाचा मुलगा, दंड शर्टात मावत नाहीत. पहिल्या मिनिटात त्यानं सोळा मारले. दांडा मुठीत इतका करकचून धरला होता, की दीड मिनिटात मनगटापासून कोपरापर्यंत हात दगड झाला. बोटं उघडेनात, मग आपोआप उघडली. केटलबेल मॅटवर, वेळ 1.50.

शेजारच्या चार नंबरवर दादरची मल्लखांब खेळणारी मुलगी होती, निळी घेऊन. तिचा तळवा मी सुरुवातीलाच पाहिला होता: बोटांच्या बुडाशी पिवळट, सपाट घट्टे. तिनं दांडा मुठीत आवळला नाही, तळव्यात तिरका टेकवला. छातीशी आणल्यावर कोपर कमरेच्या हाडावर ठेवायचं, गुडघे सरळ, दोन श्वास, मग वर. विश्रांती तिथेच मिळते, वजन हाडावर आणि स्नायू मोकळे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण हात बदलायची घाई झाली. 1.40 लाच उजव्याचा डावा केला, आणि उरलेली तीन मिनिटं वीस सेकंद एकट्या डाव्यावर काढली. तरी पाचही मिनिटं खाली ठेवली नाही. गटात दुसरी आली.

2.30. वडापाव हातात असतानाच एक वडील आले. ‘सर, माझ्या मुलाचे बावन्न झाले. तुमच्या पाटीवर चव्वेचाळीस कसे?’ मोबाइलवर व्हिडिओ होता. मी खुर्ची दिली आणि दोघांनी मिळून पाहिला. वर गेल्यावर कोपर सरळ, गुडघे सरळ, आणि वजन क्षणभर थांबलेलं दिसलं पाहिजे. हे तिन्ही जुळलं की पंच पाटी उलटतो, नाहीतर ‘नो काउंट’. एकतिसाव्यानंतर पोराचं कोपर मधूनमधून वाकडं राहत होतं. वडिलांनी तो भाग तीनदा मागे नेला. ‘जिममध्ये असंच चालतं,’ म्हणाले. चालतं, खरं आहे. पण मुलगा मागे उभा राहून म्हणाला, ‘पप्पा, मला ऐकू येत होतं ते नो काउंट म्हणत होते.’ आठ उचलण्यांची मेहनत पाण्यात गेल्याचं दुःख त्याला होतंच, तरी वाद त्यानं घातला नाही. असल्या पोरांसाठी मी रविवार घालवायला तयार आहे.

4.30. गर्दी उसळली. डीजेमुळे पंचांचे आकडे ऐकू येईनात, म्हणून हातानं खुणा. दोन तळवे सोलवटले. धुऊन, पट्टी लावून परत पाठवले.

6.30. अंतिम फेरी, पुरुषांना हिरवी. पहिल्या तुकडीतला दंडवाला पुन्हा नाव द्यायला आला होता. नियमात बसत नाही म्हटल्यावर पूर्ण फेरी उभ्यानं बघितली. जिंकले ते नवी मुंबईतले एक पीटीचे शिक्षक. मिनिटाला सात, पहिल्या मिनिटाला सात आणि पाचव्यालाही सात.

8.30. बक्षिसं वाटून झाली, हॉल रिकामा, टेम्पो परत शटरला. पुढच्या वर्षी येणार असाल तर नखं कापून, अंगठी घरी ठेवून या, ग्लोव्ह्ज आणू नका, आणि पहिल्या मिनिटात कुणाशी शर्यत लावू नका. पंचाचा आवाज कानात ठेवा. पाटीवर फक्त त्यानं मोजलेलंच चढतं.